दोन बायांचं टेबल

देवकी,

तुझी तेरवी होऊन आज नऊ दिवस झाले. रडणं आटोपलं आहे. आता नुसती चिडचिड उरली आहे आणि ती काढायला घरात योग्य माणूस नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन व शीले, मेल्यावर त मले सुखानं राहू दे." नाही राहू देणार.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा भाचा घरी आला. पेपरात निधनाची बातमी द्यायची होती. "मॅडम, तुमी मराठी शिकवत होत्या, तुमीच चार ओळी लिहून द्या." मी लिहिलं, सेवाभावी, कष्टाळू, निर्व्यसनी. मनमिळाऊ लिहिलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. त्यानं कागद वाचला, माझ्याच पेननं शेवटचा शब्द खोडला आणि मान खाली घालून म्हणाला, "हे राहू द्या मॅडम. दवनीवाड्यात लोक हासतील."

दवनीवाडा तुझं गाव. त्या गावात तुला पिणारी बाई समजतात, हे मला आदल्याच संध्याकाळी कळलं होतं. का समजतात, तेही कळलं होतं. पण एका शब्दावर मारलेली ती रेघ मला चालणार नव्हती. मी कागद त्याच्या हातून काढून घेतला आणि म्हणाले, मला काही सुचत नाही, दुसऱ्या कोणाकडून लिहून घे.

हे सगळं आपल्या गुरुवारांमुळे झालं. आणि गुरुवार तुझ्या हट्टामुळे.

तुझी पुण्याची भाची दिवाळीत आली होती. निघताना सहज बोलून गेली, "आत्या, गोंदियात धड खायला तरी काही मिळतं का गं?" पोरगी विसरली असेल. तू विसरली नाहीस. नुकतीच निवृत्त झाली होतीस. आयुष्यभर सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून राबलेली बाई रिकामी झाली की काय करते, ते मुर्रीकडच्या आपल्या ले-आउटमधल्या सगळ्या घरांनी पाहिलं. आठ दिवसांनी तू माझ्या फाटकाशी स्कूटी उभी करून हॉर्न वाजवत होतीस.

"चाल. आजपासून दर गुरुवारी एक जागा. अख्खं गोंदिया खाऊन काढू."

"गुरुवारी माझा उपास असतो."

"म्हणूनच त. उपाशी माणसालेच चव बराबर समजते."

तो उपास माझ्या सासरचा. माझ्या निखिलचे बाबा असेपर्यंत मी तो एकदाही मोडला नव्हता. ते होते तोवर बाहेरचं खाणंही घरात चालत नव्हतं. समोसे आणले तरी ते ताटाकडे असे पाहायचे, की जणू मी कोणाचा तरी घास चोरून आणला आहे. त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी चप्पल घातली आणि तुझ्या मागे बसले. अजून आठवतं, पहिल्याच वळणावर तू मला जवळजवळ नालीत घातलं होतंस.

तुझ्यासोबत जेवायला जाणं म्हणजे शिक्षा होती, हे आता लिहून ठेवते. बसायच्या आधी तुला स्वयंपाकघर पाहायचं असे. मालकानं नाही म्हटलं तरी तू आत. हात धुवायला साबण आहे का, आचाऱ्याची नखं कापलेली आहेत का, पाण्याच्या ड्रमवर झाकण आहे का. दोन ठिकाणांहून आपल्याला अक्षरशः बाहेर काढलं. आमगाव रोडवरच्या एका धाब्यावर आचारी भडकून म्हणाला, "आप खाना खाने आये हो या छापा मारने?" तू शांतपणे म्हणालीस, "पहले हाथ दिखाओ, फिर बताती हूँ." मी त्या वेळी धाब्याबाहेर बाभळीखाली उभी होते आणि तुला ओळखत नसल्याचं सोंग करत होते.

आणि ती तुझी वही. दवाखान्यात केसपेपर लिहायची सवय, म्हणून जेवणाचेही केसपेपर. "रस्सा स्थिर. भाकर गंभीर. चटणीला तातडीनं सुट्टी द्यावी." मी वाचून हसायचे आणि तू रागवायचीस, कारण तू ते विनोदानं लिहीत नव्हतीस.

पण जागा तू शोधल्यास, हे मान्य करावंच लागेल. राइस मिलच्या मागच्या गल्लीत एक बाई स्वतःच्या ओसरीवर चार टेबलं टाकून सावजी मटण करते, हे साठ वर्षं गोंदियात काढलेल्या मला माहीत नव्हतं. बसस्टँडच्या अलीकडे छत्तीसगडची एक बाई तांदळाचा चिला करते आणि टमाटरची चटणी पाट्यावर वाटते. तिच्याकडे तू तीनदा नेलंस, स्वतःचाच नियम मोडून. बालाघाट रोडला तळ्याबोडीतली ताजी मासळी तळून देणारा तो म्हातारा, ज्याचं दुकान अकरा वाजता उघडतं आणि मासळी संपली की बंद होतं. आपण दोनदा जाऊन रिकाम्या हातानं परतलो. तिसऱ्यांदा तू आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगून आलीस. कोणी करतं का असं?

सावजीचा वाद आपला मिटलाच नाही. तू म्हणायचीस मिलमागची बाई. मी म्हणायचे स्टेशनाकडची खानावळ, तिच्या रश्श्याला खोबऱ्याचा वास नीट येतो. शेवटच्या गुरुवारीसुद्धा तू म्हणालीस, "तुझ्या जिभेले घरच्या वरणाची सवय, तुले सावजी का समजते." मी उत्तर दिलं नाही. आता देते. माझ्या जिभेला वरणाची सवय आहे आणि स्टेशनाकडचाच रस्सा चांगला आहे.

नंतर तुझ्या डोक्यात बार आले. तुझं म्हणणं साधं होतं. गावात चांगलं नॉनव्हेज जिथं मिळतं त्यातल्या अर्ध्या जागा बार आहेत, मग त्या यादीतून का गाळायच्या? मी म्हणाले, कारण तिथं बाया जात नाहीत. तू म्हणालीस, "चांगलं जेवण बाप्यांनी का म्हणून एकट्यानं खावाचं?"

पहिल्या बारमध्ये आपण दुपारी एक वाजता गेलो. बाहेर लख्ख ऊन, आत ट्यूबलाइट. मॅनेजर धावत आला. "मॅडम, फॅमिली का अंदर है." आत म्हणजे हिरवा पडदा लावलेली एक खोली, तिच्यात पंखाही नव्हता. तू तिथंच दरवाज्यात उभी राहिलीस.

"हम फॅमिली नहीं हैं. हम दो औरतें हैं. हमको खिडकी के पास बैठना है."

"मॅडम, इधर सब जेंट्स हैं."

"तो क्या हुआ? मैंने तीस साल जेंट्स को इंजेक्शन दिया है."

कोपऱ्यातला एक माणूस हसला आणि आपली खुर्ची ओढून वाट करून दिली. आपण खिडकीपाशी बसलो. चिकन करी आली. तू वहीत लिहिलंस, "प्रकृती उत्तम." मी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली. मला सारखं वाटत होतं की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस मला ओळखतो. तू मात्र हाड चोखत होतीस.

फुलचूरचं ते ठिकाण या सगळ्याच्या शेवटी आलं. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, निळी पाटी, बाहेर दोन कुंड्यांत प्लास्टिकची झाडं. लाउंज म्हणतात. कॉलेजची मुलं, नवीन लग्न झालेली जोडपी जातात. तुला कोणीतरी सांगितलं की तिथं कॉकटेल मिळतं. आपण दोघींनीही आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मी तुला आठवण करून दिली की त्याच महिन्यात निखिलचं लग्न ठरतंय. मुलगी तूच सुचवलेली, प्राची, तुझ्याच दवनीवाड्याची, तुझ्या ओळखीच्या घरातली. घरादाराची पाहणी झाली होती, साक्षगंधाची तारीख तेवढी काढायची होती. मी म्हणाले, लग्न होऊ दे, मग जाऊ.

"लग्न झाल्यावर तू सासू होशीन. मंग तू कायले येतेस."

हे बरोबर होतं म्हणून मी आले.

संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. काचेतून पार शेतांपर्यंत दिसत होतं. धानाची कापणी झाली होती. आपल्या वयाचं तिथं कोणी नव्हतं. तू आधी काउंटरवर जाऊन बर्फ कुठल्या पाण्याचा ते विचारलंस. पेयं बनवणारा तो रायपूरकडचा माणूस चांगला होता. त्यानं तुला मशीन दाखवलं, फिल्टर दाखवला, ग्लास कसे धुतात ते दाखवलं. तू खूश होऊन एक ग्लास मागवलास. दोन घोट घेतलेस आणि तोंड वाकडं केलंस.

"खोकल्याच्या औषधावानी लागते. हे पेवाले लोक पैसे देतात?"

तू ग्लास बाजूला सारलास. तो मी ओढून घेतला. कशासाठी घेतला, ते आजही सांगता येत नाही. वाया जाऊ नये म्हणून, असं मी त्या वेळी म्हणाले होते. एक घोट, मग दुसरा. ग्लास संपला. तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मी त्या माणसाला हात केला आणि म्हणाले, भैया, और एक.

दुसरा ग्लास अर्धा झाल्यावर मी तुला ती गोष्ट सांगितली. निखिलचे बाबा गेले त्या दिवशी, सगळे पाहुणे अंगणात बसलेले असताना, मला भूक लागली होती. नुसती भूक नाही, काहीतरी चमचमीत खायची इच्छा झाली होती. इतकी वर्षं त्या इच्छेची मला लाज वाटत होती. ते वाईट नव्हते. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त माझ्या तोंडाला कशाची चव आवडते, हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. आणि तुला मी हेही सांगितलं की हे असं काचेपाशी बसून जे मला वाटतंय, ते मला लग्नाआधी वाटायचं.

तू वही उघडलीच नाहीस. तुझ्या बाबतीत हे नवलच. मग आपण कशावर तरी हसलो. बहुतेक तुझ्या त्या खोकल्याच्या औषधावरच. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. जाताना तू स्कूटी नेहमीपेक्षा हळू चालवलीस आणि मला म्हणालीस, घट्ट पकड.

प्राचीचे चुलते त्या दिवशी तिथंच होते. चार टेबलं सोडून, आपल्या दोन मित्रांबरोबर, समोर बियरच्या बाटल्या. आपण त्यांना पाहिलं नाही, त्यांनी आपल्याला पाहिलं; ग्लास कोणाचा, ते तेवढ्या लांबून दिसलं नसावं. तीन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलीकडचे थोडं थांबू म्हणतात. मुलाची आई बारमध्ये बसते असं कानावर आलं आहे. चुलते तिथं काय करत होते, हे मध्यस्थानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. निखिल रात्री जेवला नाही. त्यानं मला फक्त एवढंच विचारलं, "आई, खरं आहे का?" आणि मी म्हणाले, देवकी घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या अंगणात उभी राहून तुला काय काय बोलले. तुला ना नवरा ना पोर, तुझं काय जातं. तुला लोकांचे संसार मोडायला आवडतात. तू तुळशीला पाणी घालत होतीस. तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालीस, "झालं बोलून?" मी म्हणाले, झालं. तू आत गेलीस. दार लावलं नाहीस, एवढंच.

आठ दिवसांनी मुलीकडचे तयार झाले. मला वाटलं, निखिलची नोकरी पाहून तयार झाले, किंवा माझ्या भावानं मध्ये बोलून मिटवलं. भावानंही तसं भासवलं. साक्षगंध झालं. विहीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या सिस्टरले लग्नात नका बोलावू बरं, आमच्याकडचे लोक बोलतात." मी म्हणाले, बोलावत नाही. मला ते जड गेलं नाही, देवकी. खोटं कशाला सांगू. तेव्हा मला बरंच वाटलं. वरात आपल्या गल्लीतून गेली, तुझ्या फाटकासमोरून. बँडवाल्यांनी नेमकं तिथं थांबून एक अख्खं गाणं वाजवलं. तुझ्या खिडकीत दिवा होता.

चार महिने आपण बोललो नाही. मग एका गुरुवारी हॉर्न वाजला. मी बाहेर आले. तू स्कूटीवर, डोक्याला स्कार्फ बांधून. "डोंगरगडच्या रस्त्याले एक जण मस्त पाटोडी रस्सा करते म्हणे." मी चप्पल घातली. वाटेत मी माफी मागायचं ठरवलं होतं, पण तू वाऱ्याच्या आवाजात इतकं बडबडत होतीस की संधीच मिळाली नाही. नंतर वर्षभर प्रत्येक गुरुवारी मी ठरवायचे. तू मात्र त्या विषयाकडे फिरकू द्यायची नाहीस. मला वाटायचं, तू रागावली आहेस आणि दाखवत नाहीस. आता कळतं की तू मला बोलूच देत नव्हतीस. कारण मी बोलले असते तर तुला खरं सांगावं लागलं असतं.

तू गेलीस सकाळी. हृदय, डॉक्टर म्हणाले. दूधवाल्यानं आवाज दिला, तू उठली नाहीस, तो माझ्याकडे आला. पुढचं लिहीत नाही. त्या संध्याकाळी मी मोक्षधामावरून आलेल्या माणसांना चहा देऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते. प्राची माझ्याजवळ येऊन बसली. ती भली मुलगी आहे. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, तुमी त्यांच्यासाठी लय केलं. बारमधून आणाले गेलत्या त्याईले, माह्या घरच्यांनी तरी तुमालेच नाव ठेवलं. बरं झालं, त्या स्वताच येऊन सांगून गेल्या."

मी विचारलं, कोण येऊन सांगून गेलं?

तेव्हा तिनं सांगितलं. आपलं भांडण झालं त्याच्या चौथ्या दिवशी तू दवनीवाड्याला प्राचीच्या घरी गेली होतीस. तिच्या आईबाबांसमोर, त्या चुलत्यांसमोर बसलीस आणि म्हणालीस की मला जुनी सवय आहे, नोकरीत जंगलातल्या गावांमध्ये एकटी राहून लागली. शीलाला कळलं की मी तिथं बसले आहे, म्हणून ती मला घरी न्यायला आली होती. तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. त्या बाईसारखी सासू तुमच्या पोरीला शोधून सापडणार नाही.

ज्या गावात तू जन्मलीस, ज्या गावातल्या अर्ध्या बाळंतिणी तुझ्या ओळखीनं दवाखान्यात नीट सुटल्या, त्या गावात बसून तू हे सांगितलंस. आणि मग वरात खिडकीतून पाहिलीस. आणि मग चार महिन्यांनी येऊन मला पाटोडी खायला नेलंस.

तुला कोणी सांगितलं होतं, देवकी? मला विचारलंस का एकदा तरी? तू समजलीस मला वाचवलंस. माझ्या आयुष्यातली एक संध्याकाळ माझी स्वतःची होती. ती तू माझ्याकडून काढून घेतलीस आणि तिच्याऐवजी मला एक पाण्याचा पेला दिलास. पाण्याशिवाय काही घेतलं नाही म्हणे. मी दोन घेतले. दुसरा मीच मागवला. आणि मी तुला जे सांगितलं होतं त्या काचेपाशी, ते या खोटेपणाखाली पुरलं गेलं, त्याचं काय?

मग हेही मनात येतं की विचारलं असतंस, तर मी हो म्हणाले असते. म्हणाले असते, जा बाई, सांग तसंच, माझ्या निखिलचं लग्न होऊ दे. तुला ते माहीत होतं. म्हणून तू विचारलं नाहीस. मला हो म्हणायची लाज वाटू नये म्हणून. या विचाराशी आले की माझा राग कुठं ठेवायचा ते मला कळत नाही.

तेरवीला आम्ही दवनीवाड्याला गेलो. तुझ्या भाच्यानं अंगणात मांडव घातला होता. बायांची पंगत बसली. माझ्या एका बाजूला विहीणबाई, पलीकडे प्राची. समोर तुझी फुलवंताकाकी, ऐंशी वर्षांची, कानानं थोडी कमी. भात वाढून झाला होता. माझ्या मागे कोणीतरी बोललं, "नर्स असून पेत होती बिचारी. लिवर गेलं असन." दुसरी म्हणाली, "एकट्या बाईले लागतेच असं काही." वाढणारी पुढे गेली. मी गप्पच राहणार होते, तुला सांगते. तोंडात घास होता.

मग विहीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "आमच्या शीलाताईनं लय जपलं तिले. बारातून हात धरून घरी आणत होत्या."

मी घास गिळला आणि म्हणाले, "ताई, मी आणायला गेले नव्हते. आम्ही दोघी मिळून गेलो होतो. तिनं दोन घोट घेतले, तिला आवडलं नाही. तो ग्लास मी प्याले. मग आणखी एक मागवला, तोही मीच. देवकी कधी पीत नव्हती. तुमच्या घरी ती माझ्यासाठी खोटं बोलली."

पंगतीत वाढणाऱ्या बाईच्या हातातली पळी तशीच राहिली. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पत्रावळीकडे. प्राची मान वर करेना. तुझा भाचा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. मला वाटलं आता कोणीतरी उठेल. तेरवीच्या जेवणावरून उठत नाहीत म्हणून असेल, कोणी उठलं नाही.

फुलवंताकाकीनं शेजारणीला विचारलं, का म्हणून राहिली ते? शेजारणीनं तिच्या कानात सांगितलं. म्हातारीनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "कशी लागते व ते?"

मी म्हणाले, "आंबटगोड, काकी. ग्लासाच्या काठाले मीठ लावून देतात."

"मीठ?"

"हो."

"मंग मोहाच्या दारूपेक्षा बरी असन," म्हणाली, आणि भात मागितला.

निघताना तुझा भाचा गाडीपर्यंत आला. माझ्या पाया पडला. त्यानं याआधी कधी माझ्या पाया पडलेलं मला आठवत नाही.

विहीणबाईंचा तेव्हापासून फोन नाही. निखिल म्हणतो, "आई, एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती, मला सांगितलं असतं." त्याला वाटतं माझं वय झालं. प्राची दोन दिवस कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कणिक मळता मळता तिनं विचारलं, "आई, तेव्हाच काऊन नाही सांगितलं?" मी म्हणाले, भ्याले होते. ती म्हणाली, "बरं." मग गोळे करता करता म्हणाली, "काका तिथं दर आठवड्याले जातात." आणि पोळी लाटायला घेतली. तिच्या मनात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल. कदाचित माहेरी जाऊन बसेल, कदाचित नाही बसणार.

तुझी वही भाच्यानं मला आणून दिली आहे. अर्ध्या पानावर यादी आहे, न झालेल्या सात जागांची. त्यातल्या दोन मला पसंत नाहीत. तू असतीस तर भांडले असते.

तुझी माफी मी मागणार होते. आता मागत नाही. तूही माझी मागितली नाहीस, आणि तुझ्याकडेही माझ्याइतकाच वेळ होता, वर्षभर होता. मी तुला फक्त एवढं सांगते की त्या दिवशी घरी येताना तू स्कूटी हळू चालवलीस, तेव्हा मी तुझ्या पाठीला डोकं टेकलं होतं. तुला ते स्कूटीच्या धक्क्यानं टेकलं असं वाटलं असेल. धक्का नव्हता.

आणि आता आजचं. सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. तुझ्या भाच्याच्या बायकोचा. म्हणाली, फुलवंताकाकी बोलतात. फोनवर म्हातारी नुसती ओरडत होती. तिला येत्या गुरुवारी गोंदियाला डोळे दाखवायला आणणार आहेत. दुपारपर्यंत काम होईल, मग संध्याकाळी ती मोकळी आहे. आपण जिथं गेलो होतो ती जागा तिला पाहायची आहे. पेणार नाही, नुसती बसीन, म्हणते. मग म्हणाली, थोडी चाखून पाहीन.

मी म्हणाले, काकी, ते तिसऱ्या मजल्यावर आहे.

"लिफ्ट आहे का व?"

आता या ऐंशी वर्षांच्या बाईचं मी काय करू, देवकी? डोळ्यांत औषध टाकलेलं असेल, तिला धड दिसणारही नाही. लोक काय म्हणतील ते वेगळंच. मी म्हणाले, विचारून सांगते. फोन ठेवला आणि त्या ठिकाणी फोन लावला.

लिफ्ट आहे.

तीन जणींचं टेबल सांगून ठेवलं आहे. प्राची येते म्हणाली.